ना-ताईचे दोन राजीनामे

विशीत टेनिस सोडून चक्क जर्नालिझम शिकायला गेलेली आणि मग परत येऊन दोन ग्रँड स्लॅम जिंकलेली चीनची ली ना. राजीनाम्याचा मेल रोज उघडणाऱ्या आणि रोज बंद करणाऱ्या सगळ्यांसाठी तिची ही गोष्ट...

माझ्या रूममेटच्या ड्राफ्ट्स फोल्डरमध्ये एक मेल गेले आठ महिने पडून आहे. सब्जेक्ट लाइन एकाच शब्दाची : रेझिग्नेशन. रविवारी रात्री, उद्या परत हिंजवडीची बस पकडायची या विचाराने पोटात गोळा आला की ती तो मेल उघडते. एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करते. 'पर्सनल रीझन्स' काढून 'बेटर प्रॉस्पेक्ट्स' टाकते. मग सोमवारी सकाळी पावणेआठला डबा भरून निमूटपणे निघून जाते.

परवा मात्र तिने थेट मलाच गाठलं. "तू सोडलीस ना नोकरी? मग सांग की, सोडल्यावर नक्की होतं काय?"

झाली का पंचाईत! कारण मी नोकरी सोडली हे खरं असलं, तरी ती कशी सोडली हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. मास कॉमची डिग्री घेऊन एका चॅनेलच्या न्यूज डेस्कवर तीन वर्षं काढली. नाइट शिफ्ट, पहाटे चारला कँटीनमधला गार उपमा, आणि स्क्रीनच्या तळाशी न थांबता पळणारी टिकर. एके दिवशी बॉस सुट्टीवर आहेत हे बघून मी एचआरच्या टेबलावर पत्र ठेवलं, त्यावर आयडी कार्ड ठेवलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली उतरले. बॉसना फोनसुद्धा केला नाही. लोकांना मात्र ऐटीत सांगते, "मी फ्रीलान्सिंग चूझ केलं!"

खरं काय? मी सोडून गेले, की पळून गेले?

रूममेटला तेव्हा उत्तर दिलं नाही. त्याऐवजी चहा टाकला आणि तिला एका टेनिस प्लेअरची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतेय.

आमच्याच बिरादरीतली

ली ना. चिनी पद्धतीने आडनाव आधी, म्हणजे ली हे आडनाव आणि ना हे नाव. आपल्या मराठी कानांना हे नाव ऐकताना गंमत वाटते, कारण नावातच नकार! चीनमधले तिचे चाहते तिला 'ना जिए' म्हणतात. 'जिए' म्हणजे मोठी बहीण. म्हणजे आपल्या भाषेत सरळ 'ना-ताई'.

टेनिस फॉलो करणाऱ्यांना तिची ओळख करून द्यायची गरज नाही. २०११ ची फ्रेंच ओपन आणि २०१४ ची ऑस्ट्रेलियन ओपन तिने जिंकली. ग्रँड स्लॅमचं सिंगल्स टायटल आशियातल्या एखाद्या देशाकडून खेळणाऱ्या कुणी जिंकावं, स्त्रीने किंवा पुरुषाने, हे तिच्याआधी घडलं नव्हतं. २०१४ च्या फेब्रुवारीत ती जगात नंबर दोनवर पोहोचली. पुढे फक्त सेरेना विल्यम्स होती. बास.

आपल्याकडच्या टेनिसवेड्यांना कदाचित तिची आणखी एक आठवण असेल. २००६ च्या दोहा एशियन गेम्समध्ये आपल्या सानिया मिर्झाने सेमीफायनलमध्ये जिला हरवलं, ती हीच.

पण मला ती आवडते ती वेगळ्याच कारणासाठी. एक तर तिने जर्नालिझमची डिग्री घेतली आहे, म्हणजे आमच्याच बिरादरीतली. आणि दुसरं, तिने आयुष्यात दोनदा राजीनामा दिला. एकदा विसाव्या वर्षी, एकदा बत्तिसाव्या. दोन्ही राजीनामे शेजारी शेजारी ठेवून बघितले की बरंच काही लक्षात येतं.

सगळ्यांनी ठरवलं, तिला सोडून

ली नाचा जन्म २६ फेब्रुवारी १९८२ चा, वुहानचा. हो, तेच वुहान. २०२० नंतर हे नाव घेतलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, पण त्याआधी चीनबाहेरच्या टेनिसवाल्यांच्या लेखी वुहान म्हणजे ली नाचं गाव. वडील बॅडमिंटन खेळायचे. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत त्यांचं खेळणं अर्धवटच राहिलं. मग राहिलेलं स्वप्न कुणाच्या खांद्यावर येणार? लेकीच्या! हे काही आपल्याला नवीन नाही. आपल्या इंजिनीअरिंगच्या वर्गात निम्मी मुलं बाबांचीच राहिलेली डिग्री पुरी करत होती.

तर ली नाच्या हातात लहानपणीच बॅडमिंटनची रॅकेट आली. पण कोचच्या लक्षात आलं की ही पोरगी मनगटाने शॉट मारत नाही, खांद्यातून हात फिरवते. बॅडमिंटनमध्ये हा दोष. टेनिसमध्ये मात्र हाच गुण. १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून टेनिस पुन्हा मेडलचा खेळ झाला होता आणि चिनी व्यवस्थेला नव्या खेळाडूंची गरज होती. झालं! आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा खेळ बदलला. कोचला पटलं, आईवडिलांना पटलं. तिला मात्र कुणी विचारलंच नाही, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं.

पुढची वर्षं सरकारी ट्रेनिंगच्या चाकोरीतली. सकाळ-संध्याकाळ ड्रिल्स, त्याच त्या शॉट्सची शेकडो आवर्तनं, आणि शिस्तीच्या नावाखाली सतत ओरडा. लहानपणीच्या कोचने आपलं नऊ वर्षांत एकदाही कौतुक केलं नाही, असं ती सांगते. अधे दहा महिने नाइकीच्या खर्चाने अमेरिकेत, टेक्सासमधल्या जॉन न्यूकॉम्बच्या अकादमीत राहून आली. तिथे बघितलं तर मुलं हसत-खेळत टेनिस खेळतायत! खेळताना हसायचं असतं हीच तिच्यासाठी बातमी होती.

ती चौदा वर्षांची असताना वडील गेले. तेव्हा ती घरापासून लांब एका स्पर्धेत होती. ज्यांच्यासाठी खेळत होती तेच उरले नाहीत, पण खेळ काही थांबला नाही. तो तिच्या मर्जीने सुरूच कुठे झाला होता?

टेबलावरची चिठ्ठी

१९९७ मध्ये ती नॅशनल टीममध्ये आली, १९९९ मध्ये प्रोफेशनल झाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काय सॉल्लिड करिअर! आतून मात्र सगळा आनंद होता. कोच कोण असावा, कुठली स्पर्धा खेळायची, सिंगल्स की डबल्स, सगळं वरून ठरणार. त्यात टीममधल्याच जियांग शानवर तिचं प्रेम जडलेलं. छातीवर तिने गुलाबाचा टॅटू काढला होता, तोही साहेब लोकांना खपणारा नाही म्हणून पट्टी लावून झाकावा लागायचा. पाळीच्या दिवसांतही खेळता यावं म्हणून तिला हॉर्मोन्सची औषधं घ्यायला सांगितलं गेलं, आणि ती तिच्या अंगाला मानवत नव्हती. आपल्या ऑफिसात 'वर्क-लाइफ बॅलन्स' नाही म्हणून आपण कुरकुरतो. इथे तर शरीरसुद्धा आपलं नाही!

२००२ च्या अखेरीस, वीस वर्षांच्या ली नाने एक पत्र लिहिलं, बीजिंगच्या ट्रेनिंग सेंटरमधल्या आपल्या खोलीतल्या टेबलावर ठेवलं आणि गुपचूप बाहेर पडली. समोरासमोर भेट नाही, चर्चा नाही, फेअरवेलचा केक नाही. वुहान गाठलं. तिथल्या हुआझोंग युनिव्हर्सिटीत नाव घातलं आणि जर्नालिझम शिकायला सुरुवात केली.

इथपर्यंत ऐकून रूममेट म्हणाली, "अगं, ही तर डिट्टो तू!"

टेबल, पत्र, पळ. मी काही बोलले नाही. चहा उतू जात होता, तो बघितला.

रॅकेट न धरण्याची दोन वर्षं

मला ही मधली दोन वर्षं फार महत्त्वाची वाटतात. स्पोर्ट्सच्या पानांवर ती एका ओळीत उरकली जातात, कारण या काळात स्कोअर नाही. वर्गात बसायचं, कँटीनमध्ये जेवायचं, जियांग शानबरोबर उघडपणे हिंडायचं. वीस-एकवीस वर्षांच्या कुठल्याही मुलीचं असतं तसं साधं आयुष्य तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. डिग्री पुरी व्हायला मात्र २००९ साल उजाडलं, कारण मध्ये टेनिस परत आलं.

ते कसं आलं? २००४ च्या सुमारास चीनच्या टेनिस कारभाराची सूत्रं सुन जिनफांग या बाईंकडे होती. या स्वतः चीनच्या व्हॉलीबॉल टीमच्या कॅप्टन होत्या, १९८१ चा वर्ल्ड कप जिंकून दिलेल्या. म्हणजे खेळाडूचं दुखणं त्यांना फाइलमधून समजून घ्यावं लागलं नव्हतं. त्यांनी ली नाला गाठलं आणि तिचं मन वळवलं. देशासाठी वगैरे भाषण न देता, एकदा स्वतःसाठी खेळून बघ की, असं त्यांचं म्हणणं होतं.

गंमत बघा. काम तेच, कोर्ट तेच, रॅकेट तीच. फक्त 'कुणासाठी' याचं उत्तर बदललं.

मे २००४ मध्ये ती परतली तेव्हा तिला रँकिंगच नव्हतं. ज्युनिअर पोरीबाळींबरोबर छोट्या छोट्या स्पर्धांपासून पुन्हा सुरुवात. ऑक्टोबरमध्ये ग्वांगझोची स्पर्धा ती क्वालिफायर म्हणून खेळली आणि थेट जिंकलीच. डब्ल्यूटीएचं सिंगल्स टायटल मिळवणारी ती पहिली चिनी खेळाडू ठरली. २००६ च्या जानेवारीत जियांग शानशी लग्न झालं आणि त्याच वर्षी विंबल्डनची क्वार्टर फायनल. हेही चीनसाठी पहिल्यांदाच.

इन-हँड किती?

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येऊ. पगार!

चिनी व्यवस्थेत खेळाडूचा खर्च सरकार करायचं. कोच, प्रवास, राहणं, सगळं. बदल्यात बक्षिसाच्या रकमेतला मोठा वाटा सरकारजमा. ली नाच्या बाबतीत तो सुमारे ६५ टक्के होता. फ्रीलान्सर म्हणून माझ्या बिलातून १० टक्के टीडीएस कापला जातो तेव्हा माझा दिवस खराब होतो, आणि तो तर रिटर्न भरल्यावर परत मिळण्याची आशा तरी असते. इथे शंभरातले पासष्ट गेले ते गेले!

पण व्यवस्थेची बाजूही ऐकून घ्यायला हवी. तिचं म्हणणं साधं होतं : आठव्या वर्षापासून हिला आम्ही घडवलं, हिच्यावर पैसा आम्ही लावला, मग फळ आलं की हिने एकटीनेच का खावं? आपल्याकडच्या कंपन्या ट्रेनिंगनंतर दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात, त्यामागेही हाच हिशेब असतो. तो हिशेब सगळाच चूक आहे असं मला म्हणवत नाही. प्रश्न इतकाच की बाँड संपतो कधी?

ली नाचा संपला २००८ च्या अखेरीस. त्या वर्षीच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली. घरच्या गर्दीचं प्रेम इतकं ओसंडत होतं की सेमीफायनलमध्ये ती प्रेक्षकांवर ओरडली, गप्प बसा! नंतर तिला, झेंग जीला, पेंग शुआईला आणि यान झीला व्यवस्थेबाहेर पडून स्वतंत्रपणे खेळायची परवानगी मिळाली. चिनी भाषेत या योजनेला 'एकटीने उडणं' अशा अर्थाचं नाव पडलं. सरकारचा वाटा ६५ वरून ८ ते १२ टक्क्यांवर आला. पण आता कोच स्वतः शोधायचा, त्याचा पगार स्वतः द्यायचा, तिकिटं स्वतः काढायची, आणि पहिल्याच राउंडला हरलात तर तोटाही स्वतःचाच.

थोडक्यात, ना-ताई फ्रीलान्सर झाली.

हे मला अगदी आतून कळतं बरं का. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचं ब्रॉडबँड, मेडिक्लेमही स्वतःचा, आणि चेकची वाट बघण्यातला महिना-दीड महिनाही स्वतःचाच. स्वातंत्र्याचं बिल दर महिन्याला येतं. ते भरायची तयारी नसेल, तर ड्राफ्टमधला मेल ड्राफ्टमध्येच बरा.

घोरणारा नवरा आणि प्राइझ मनी

एकटीने उडायला लागल्यावर जगाला खरी ली ना दिसली. आणि ती भलतीच विनोदी निघाली!

२०११ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये सेमीफायनलला तिने तेव्हाच्या नंबर वन कॅरोलिन वोझ्नियाकीला हरवलं. मॅच पॉइंट वाचवून! मॅचनंतर कोर्टवरच मुलाखत. रात्री झोप नीट झाली नाही, कारण? नवरा घोरत होता. एवढी अटीतटीची मॅच जिंकायची प्रेरणा कुठून आली? यावर तिचं उत्तर दोनच शब्दांचं : प्राइझ मनी! अख्खं स्टेडियम हसलं. देशाचा झेंडा, शहीदांचं स्मरण, लहानपणीचा संघर्ष यातलं काहीही न बोलता एक बाई सरळ सांगते की मला पैसे हवेत. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये 'लर्निंग ऑपॉर्च्युनिटी'वर भाषण ठोकणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिच्याकडून शिकण्यासारखंच आहे.

फायनलला समोर किम क्लाइस्टर्स. पहिला सेट ली नाने ६-३ असा घेतला. मग स्टँडमधले चिनी प्रेक्षक तिला ओरडून सल्ले द्यायला लागले. वैतागून ती अंपायरकडे गेली : या लोकांना सांगा, मला टेनिस शिकवू नका म्हणून. पुढचे दोन्ही सेट ३-६, ३-६ असे गेले.

त्यानंतर पराभवांची रांग लागली. तेव्हा तिने एक अवघड निर्णय घेतला. नवऱ्याला कोचपदावरून काढलं! डेन्मार्कच्या मायकेल मॉर्टेन्सनला आणलं. जियांग शान मात्र कुठे गेला नाही. रॅकेट्स बघणं, सराव करून घेणं, ड्रिंक्स तयार ठेवणं आणि जगभर बायकोच्या विनोदांचं गिऱ्हाईक होणं ही कामं तो करत राहिला. नवऱ्याचं प्रमोशन थांबवून संसार टिकवायचा हा फंडा कुठल्याच एमबीएत शिकवत नसतील.

आणि मग पॅरिस. क्ले हा तिच्या आवडीचा सरफेस कधीच नव्हता. पण क्विटोव्हा, अझारेंका, शारापोव्हा अशा एकेकीला बाजूला करत ती फायनलला पोहोचली. ४ जून २०११. समोर गतविजेती फ्रान्सेस्का स्कियाव्होने. ६-४, ७-६, आणि टायब्रेकमध्ये प्रतिस्पर्ध्याला शून्य! शेवटचा पॉइंट मिळाल्यावर ती मातीत आडवी झाली. तिकडे चीनमध्ये ही मॅच टीव्हीवर बघणाऱ्यांचा आकडा होता ११ कोटी ६० लाख. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या लोकसंख्येपेक्षाही जास्त!

विजयानंतरचा सोमवार

स्टोरी इथेच संपवली तर छान हॅपी एंडिंग होईल. पण तुम्हाला माहितीच आहे, प्रमोशनची पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी परत सोमवार असतो.

त्याच वर्षी विंबल्डनला ती दुसऱ्या राउंडमध्ये हरली आणि यूएस ओपनला पहिल्याच. स्पॉन्सर्सची रांग लागली होती आणि खेळ हरवला होता. पुढचं टायटल मिळायला २०१२ चा ऑगस्ट उजाडला. तेव्हा तिच्याबरोबर नवा कोच होता, जस्टिन हेनिनला घडवणारा कार्लोस रॉड्रिगेज. त्याने तिच्या शॉट्सइतकंच तिच्या डोक्यावरही काम केलं. इतक्या वर्षांनंतरही लहानपणीचा तो ओरडा तिच्या आत चालूच होता. एक शॉट चुकला की ती स्वतःवरच तुटून पडायची. बॉस बदलला, ऑफिस बदललं तरी जुना बॉस डोक्यात बसून राहतो. हे मला चॅनेल सोडून दोन वर्षं झाल्यावर कळलं. अजूनही रात्री दोनला जाग आली की वाटतं, टिकर अपडेट राहिली!

२०१३ च्या ऑस्ट्रेलियन ओपन फायनलमध्ये अझारेंकाविरुद्ध पहिला सेट जिंकल्यावर ती दोनदा पडली. पहिल्यांदा घोटा मुरगळला. दुसऱ्यांदा, ऑस्ट्रेलिया डेच्या आतषबाजीसाठी थांबवलेला खेळ सुरू झाल्या झाल्या, डोकं आपटलं. डॉक्टर कोर्टवर आले, तपासून गेले. ती उठली, खेळली आणि तीन सेटमध्ये हरली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये दुसऱ्याच राउंडला हरल्यावर एका चिनी पत्रकाराने देशवासीयांसाठी दोन शब्द मागितले, तर ती उखडली. मॅच हरले इतकंच, आता काय लोटांगण घालू? दुसऱ्या दिवशी घरच्या मीडियाने तिला फाडून खाल्लं. डिग्री जर्नालिझमची, आणि पत्रकारांशी असं वाजलेलं! बिरादरीचं प्रेम म्हणतात ते हेच असावं.

मेलबर्न, तिसऱ्यांदा

२०१४. वय एकतीस. गुडघ्यांवर तोवर तीन ऑपरेशन्स झालेली. मेलबर्नमध्ये तिसऱ्याच राउंडला लुसी शाफारोव्हाला तिच्याविरुद्ध मॅच पॉइंट मिळाला. शाफारोव्हाचा फटका थोडक्यात बाहेर गेला. चार बोटं आत पडला असता तर हा लेख वेगळा झाला असता. ली ना वाचली आणि फायनलला डोमिनिका सिबुल्कोव्हाला ७-६, ६-० असं हरवून तिने ट्रॉफी उचलली.

त्या वेळचं भाषण जरूर शोधून बघा. तिने एजंटचे आभार मानले, मला श्रीमंत केल्याबद्दल. नवऱ्याचे मानले, आणि वर सांगितलं की मी मिळाले हे तुझं नशीब! प्रेक्षक खुर्चीत मावेनात.

पण मला त्याहून जास्त आठवतो तो नंतरचा फोटो. ती वुहानला परतली तेव्हा प्रांताच्या अधिकाऱ्यांनी ८ लाख युआनचा, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साधारण ८० लाख रुपयांचा, चेक तिच्या हातात दिला. भलामोठा, कॅमेऱ्यासाठी बनवलेला. आणि ली नाच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. हसू नाही, राग नाही. स्वतःच्या हिमतीवर जिंकलेल्या मॅचचं श्रेय घ्यायला जुनं ऑफिस हार घेऊन दारात उभं राहिलं की आपलाही चेहरा असाच होत असेल.

दुसरा राजीनामा

त्या जुलैमध्ये चौथं ऑपरेशन झालं. सप्टेंबरमध्ये वुहानला, तिच्या स्वतःच्या गावात, डब्ल्यूटीएची मोठी स्पर्धा पहिल्यांदाच भरणार होती. घरच्या लोकांसमोर खेळायचं तिच्या फार मनात होतं. गुडघा ऐकेना. स्पर्धा सुरू होण्याच्या ऐन तोंडावर, १९ सप्टेंबर २०१४ रोजी, तिने निवृत्ती जाहीर केली.

याही वेळी एक पत्र होतं. पण ते कुणाच्या टेबलावर गुपचूप ठेवलेलं नव्हतं, जगासाठी उघडं लिहिलेलं होतं. शरीर आता नाही म्हणतंय हे तिने त्यात सरळ सांगितलं आणि मग एकेकाचं नाव घेऊन आभार मानले. त्यात कोच होते, स्पॉन्सर्स होते, नवरा होता, आई होती, लवकर निघून गेलेले वडील होते. आणि सुन जिनफांगही होत्या. ज्या व्यवस्थेतून ती एकदा पळाली होती, तिच्यातच वरच्या खुर्चीवर बसलेल्या, पण तिला माणूस म्हणून बघणाऱ्या बाई.

तर हे झाले दोन राजीनामे. पहिला दिला तेव्हा तिच्याकडे फक्त 'ना' होता. हे नको, ते नको, तुमचं काहीच नको. दुसऱ्या वेळी मधली दहा वर्षं तिच्या स्वतःची होती, म्हणून तिला मान वर करून निघता आलं. पहिल्याला मी चूक म्हणणार नाही. तो दिला नसता तर दुसरा आलाच नसता. घुसमट होत असेल तर माणसाने खिडकीतूनही बाहेर पडावं. पण बाहेर पडल्यावर कधीतरी हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो, की मला काम नको होतं, की ते दुसऱ्यासाठी करणं नको होतं? ली नाला उत्तर शोधायला दोन वर्षं लागली. कॉलेजच्या बाकावर बसून.

२०१९ मध्ये तिचं नाव इंटरनॅशनल टेनिस हॉल ऑफ फेममध्ये गेलं. आशियात जन्मलेल्या खेळाडूंमधली ती पहिलीच. आणि तिच्याच हुबेई प्रांतातल्या झेंग किनवेनने, जी २०११ मध्ये आठ वर्षांची होती आणि ली नाला जिंकताना बघून भारावली होती, २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल गाठली आणि पॅरिस ऑलिंपिकचं सिंगल्स गोल्ड जिंकलं.

गोष्ट संपली तेव्हा चहा गार झाला होता. रूममेटने लॅपटॉप उघडला. म्हटलं, आता पाठवतेय की काय! तिने 'पर्सनल रीझन्स' खोडलं आणि तिथे खरं कारण लिहिलं. चार ओळी झाल्या. मग तो मेल तसाच ठेवून मॅनेजरला दुसरा मेल केला : सोमवारी अर्धा तास बोलायचं आहे.

आणि मी? मी रात्री माझ्या जुन्या बॉसना मेसेज टाकला. कॉपी कशी कापायची हे त्यांनीच शिकवलं होतं मला. मी न सांगता गेले, सॉरी, आणि थँक यू, एवढंच लिहिलं. दोन वर्षं उशिरा दिलेला माझा दुसरा राजीनामा.

त्यांचं उत्तर सकाळी आलं. "ठीक आहे. पण आयडी कार्डबरोबर लॉकरची चावी द्यायची राहिली होती तुझी. आणून दे!"

ना-ताईचं स्कोअरकार्ड

• जन्म : २६ फेब्रुवारी १९८२, वुहान
• प्रोफेशनल : १९९९, पहिली निवृत्ती २००२, पुनरागमन २००४, अंतिम निवृत्ती १९ सप्टेंबर २०१४
• ग्रँड स्लॅम सिंगल्स : फ्रेंच ओपन २०११, ऑस्ट्रेलियन ओपन २०१४, ऑस्ट्रेलियन ओपन उपविजेती २०११, २०१३
• डब्ल्यूटीए सिंगल्स टायटल्स : ९
• सर्वोच्च रँकिंग : २ (फेब्रुवारी २०१४)
• प्राइझ मनी : सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलर
• गुडघ्यांची ऑपरेशन्स : ४